वर्षातून एकदा ओहोटी

हिंगोली स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारलं, "काका, कुठं?" मी म्हणालो, "होडी बघायला आलोय." आमच्या मालवणात एवढ्यावर कोणी मानही वळवणार नाही. इथे त्याने रिक्षा बंद केली, मागे वळून बसला आणि एकेक विचारत गेला. कशाला पाहिजे? किती माणसं बसणार? इंजिनाची की वल्ह्याची? पोहता येतं का? सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाला, "मग दोनच ठिकाणं. इसापूर नाहीतर सिद्धेश्वर. आधी लेकीकडं जाऊन जेवा, मग निघा." बोलण्याच्या ओघात लेकीचं घर मी त्याला कधी सांगून बसलो होतो, कोण जाणे. परक्या माणसाची चौकशी करायची ती त्याच्या जेवणापर्यंत करायची, ही इथली रीत. पुढच्या चार दिवसांत मी तिला सरावलो.

फाल्गुन लागला होता आणि गावावर हळदीचा वास होता. ओल्या मातीचा, वाफेचा आणि थोडा औषधी. शेताशेतांत वाफेचे कुकर लागलेले, हळकुंडं शिजवून उन्हात पसरलेली, कुठे लोखंडी ढोलात घालून घासून चकचकीत करणं चाललेलं. कोकणात हळद म्हणजे अंगणातल्या आळ्यातलं पान. श्रावणात पातोळ्यांसाठी खुडायचं आणि विसरून जायचं. इथे हळदीवर लेकींची लग्नं होतात, विहिरी खणल्या जातात. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिंगोलीचं हळदीचं मार्केट यार्ड संत नामदेवांच्या नावाने आहे. तिथून निघालेल्या माणसांचे तळहात आणि सदऱ्याच्या बाह्या पिवळ्या असतात. रिक्षाचं हँडलही पिवळं झालेलं होतं.

समुद्रकाठचा माणूस होडी घ्यायला समुद्रापासून इतक्या लांब का आला, हे सांगायला हवं. मी कर्ली खाडीच्या काठचा. बाबांची लाकडी होडी होती, उलांडीची. तिच्या तळाला दरवर्षी चंद्रुस आणि तेल लागायचं. ते काम माझ्याकडे असल्यामुळे होडीचा तळ मला घराच्या जमिनीइतका पाठ होता. नोकरी संपल्यावर एकच इच्छा धरून बसलो: उरलेल्या वर्षांतले काही महिने होडीवर राहायचं. नवी होडी नको, जुनीच हवी. जगात कितीतरी ठिकाणी माणसं होडीवर राहायला लागली ती जुन्याच होड्यांत. केरळातली केट्टुवल्लम आज पर्यटकांना फिरवतात, पण मुळात ती भाताची पोती वाहायची. दुसऱ्या महायुद्धानंतर अॅमस्टरडॅममध्ये घरं मिळेनात तेव्हा लोकांनी कामातून निवृत्त झालेली मालवाहू जहाजं कालव्यात बांधली आणि त्यात संसार मांडले. होडीने आधी काम केलेलं असावं. तशा होडीत झोप चांगली लागते, असं मला वाटतं.

कर्लीच्या खाडीत आता तसं बांधून राहायला जागा उरलेली नाही. तारकर्ली-देवबागच्या बाजूला सहलीच्या होड्यांची दाटी आहे आणि ज्यांचं पोट तिच्यावर आहे त्यांच्या वाटेत मी का जावं? शिवाय खारं पाणी. ते लाकूड खातं, खिळे खातं, आता माझ्या वयाला सांधेही खातं. मुलगी हिंगोलीला नोकरीनिमित्त आली. तिनेच एकदा फोनवर सांगितलं, "बाबा, इथे डोळ्यात मावत नाही एवढं गोडं पाणी आहे आणि त्यावर होड्याही आहेत." त्या वाक्यावर मी निघालो.

*

पहिला इसापूर. जावईबापूंनी सुटी काढली. कळमनुरी सोडली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पळस फुललेला, पानाचं नाव नाही, नुसता शेंदूर. तांड्यांवरच्या बाया डोक्यावर पाणी घेऊन चाललेल्या. गाडी थांबवून कुठेही रस्ता विचारला तरी उत्तराआधी "बसा, चहा घ्या". आमच्याकडे पाहुण्याला पाटावर बसवायच्या आधी थोडं अंतर राखून पारखतात. कोकणी माणसाचं मन फणसासारखं आहे असं आम्हीच सांगत असतो. इथे काटे दिसलेच नाहीत.

इसापूरचं धरण पैनगंगेवर. अलीकडे हिंगोली, पलीकडे यवतमाळचा पुसद तालुका, म्हणजे एका काठावर मराठवाडा आणि दुसऱ्यावर विदर्भ. १९८२ मध्ये ते पुरं झालं. मातीचा बांध चार किलोमीटरहून लांब आणि ५७ मीटर उंच. वर चढलो आणि थबकलो. समुद्र बघितलेल्या माणसाला पाण्याचं अप्रूप नसतं, तरी हे पाणी निराळं होतं. त्याला आवाज नव्हता. लाटेची गाज नाही, मीठ नाही. वाऱ्याने पाण्यावर काटा उठत होता तेवढाच.

मग काठ बघितला. पाण्याच्या कडेपासून वर झाडांच्या रेषेपर्यंत मातीवर पायऱ्या उमटलेल्या, एकाखाली एक, शेकड्याने. पाणी दर काही दिवसांनी थोडं उतरलं होतं आणि प्रत्येक मुक्कामाची खूण ठेवून गेलं होतं. मी खाडीचा माणूस. सहा तासांत भरती, सहा तासांत ओहोटी, या हिशेबात माझं आयुष्य गेलं. इथली भरती श्रावण-भाद्रपदात येते आणि ओहोटी दिवाळीपासून मृगापर्यंत चालते. वर्षाला एक भरती, एक ओहोटी. होडी आज जिथे बांधली तिथे महिन्याने चिखल असणार आणि पुढच्या महिन्यात गवत. होडीवर राहायचं तर घर बांधतात तसं एकदाच नांगर टाकून भागणार नव्हतं. पाण्यामागून चालावं लागणार होतं.

काठावर एक फायबरची होडी दिसली. तळाला हातभर चीर, आत कडबा आणि त्यावर रवणीला बसलेली कोंबडी. मालक शेतातून आला. विकायची आहे का विचारलं तर म्हणाला, "आता नाही. पिल्लं निघू द्या." त्याच्या बोलण्यात नकार नव्हता, क्रम होता. आधी कोंबडी, मग मी. त्यानेच पुढचं सांगितलं. हा भाग पक्षी अभयारण्यात येतो, वनखात्याचे नियम आहेत, राहायच्या होडीला इथे कोण हो म्हणेल सांगता येत नाही. "आणि वारं," तो म्हणाला. "वैशाखात वळीव येतो तव्हा हे पाणी पिसाळतं."

ते खरं आहे. समुद्राची लाट लांब असते, होडी तिच्यावर चढते आणि उतरते. धरणातली लाट आखूड आणि उभी, एक उतरायच्या आत दुसरी आदळते. २०२४ च्या मे महिन्यात उजनीच्या जलाशयात कळाशी आणि कुगावच्या मध्ये वादळी वाऱ्यात होडी उलटली आणि सहा माणसं गेली. गोडं पाणी म्हणजे गरीब पाणी, हा आम्हा समुद्रकाठच्या लोकांचा समज त्या काठावर मी सोडून दिला.

*

दुसऱ्या दिवशी नर्सी. नामदेवांचं गाव कयाधूच्या काठी. कयाधू हे प्रल्हादाच्या आईचं नाव. नदीला आईचं नाव देताना या लोकांनी एका लेकराच्या आईचं दिलं. फाल्गुनात तिच्यात डबकी उरलेली, मधून पोरं सायकली घालत होती. देवळात दोन शीख कुटुंबं भेटली, नांदेडच्या गुरुद्वाऱ्याचं दर्शन करून आलेली. गुरुग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदं आहेत. त्यामुळे पंजाबातला माणूस इथे पाहुणा म्हणून येत नाही. त्यांच्यातल्या आजोबांनी उंबऱ्याला हात लावून तो डोळ्यांना लावला, तो हात बराच वेळ तसाच राहिला. मी होडीच्या गडबडीत होतो, पण तिथे बसलो.

तिथून औंढा नागनाथ. शिवरात्रीची जत्रा नुकतीच उठलेली, नारळाच्या शेंड्या आणि बेलाची पानं अजून फरशीवर. देऊळ खालून काळ्या दगडाचं, कोरीव, हत्ती-घोड्यांच्या रांगा; वरचा भाग नंतरचा आणि पांढरा. लिंग जमिनीखाली आहे. अंग चोरून अरुंद पायऱ्या उतरायच्या, डोकं वाकवायचं, आणि मग दिव्याच्या उजेडात, तेलाच्या वासात, खांद्याला खांदा लावून उभं राहायचं. गलबताच्या पोटात उतरताना हेच होतं. छत डोक्याला लागतं, आवाज बदलतो, बाहेरचं जग वर राहतं.

तसं वाटलं ते उगाच नव्हे. नागनाथाच्या कथेत नावा आहेत. शिवपुराणात दारुक राक्षस आणि त्याची बायको दारुका यांचं वन और्व ऋषींच्या शापामुळे जमिनीवरून समुद्रात जातं. तिथून ते जाणाऱ्या-येणाऱ्या नावा अडवतात आणि माणसं कैदेत टाकतात. त्या कैद्यांत सुप्रिय नावाचा वैश्य, शिवभक्त. तो तुरुंगातच पार्थिव लिंग मांडून पूजा करतो, बरोबरच्या कैद्यांना शिकवतो, आणि शिव प्रकटतो. गुजरातेतली द्वारका आणि उत्तराखंडातलं जागेश्वर हीही ठिकाणं हे ज्योतिर्लिंग आपलं म्हणतात. औंढ्याचे लोक त्यावर वाद घालत नाहीत. "नागेशं दारुकावने म्हणतात ते हे," एवढंच सांगतात आणि प्रसाद हातावर ठेवतात. समुद्र शेकडो कोस दूर असलेल्या गावाने पाण्यातल्या वनाची आणि अडकलेल्या नावांची कथा इतकी शतकं जपली, याचं मला फार वाटलं. नामदेवांसाठी हे देऊळ फिरलं ती गोष्टही पुजाऱ्यांनी सांगितली. कीर्तनाला अडथळा होतो म्हणून त्यांना मागच्या बाजूला पाठवलं, तर देवळाने तोंड त्यांच्याकडे केलं.

औंढ्याच्या परिसरातच दुधाळ्याजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, काटकोनात. विश्वातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरींनी होणारी थरथर मोजायची, म्हणून जमीन शांत हवी. प्रकल्पाला २०१६ मध्ये तत्त्वतः मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटींचा खर्च मंजूर झाला. जावईबापू गाडी चालवता चालवता हे सांगत होते आणि मी माळाकडे बघत होतो. माणसं शांत जमीन शोधत इथे आली, मी शांत पाणी शोधत.

*

सिद्धेश्वरला पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. पूर्णा नदीवरचं हे धरण. वर येलदरी, खाली सिद्धेश्वर, दोन्ही १९६८ ची. येलदरीच्या पायथ्याशी वीजघर आहे. तिथे चक्र फिरवून सुटलेलं पाणी इथे येतं आणि कालव्यांनी शेतांत जातं. सिद्धेश्वरचा बांध सव्वासहा किलोमीटरहून लांब. पलीकडचं टोक धुक्यात गेल्यासारखं दिसत होतं.

काठावर भोई कुटुंबांची पालं. बांबू, मेणकापड, जुन्या साड्या. पालांच्या मागे चढावर जुन्या चुलींचे दगड ओळीने दिसत होते, प्रत्येक दहा-वीस पावलांवर एक जोडी. पाणी उतरतं तसं पाल उतरतं, चूल उतरते. पावसाळ्यात पुन्हा वर. इसापूरला मला पडलेल्या प्रश्नाचं उत्तर या लोकांनी कधीच काढून ठेवलं होतं. घर पाण्याच्या मागे चालवायचं.

थर्माकोलचे तुकडे जाळ्यात बांधून केलेले तराफे होते, दोन फायबरच्या होड्या होत्या आणि बाभळीखाली एक पत्र्याची. ती विकायची होती. मालक सत्तरीचे, त्यांना सगळे बाबा म्हणत. त्यांच्या मंडळी, म्हणजे मावशी, पालाच्या तोंडाशी जाळं विणत होत्या.

"या पावणं. कुठले म्हणायचे?"

"मालवणचे."

"म्हंजी दर्याचे." बाबांनी घोंगडी झटकून अंथरली. "दर्याचा माणूस आमच्याकडं होडी घ्यायला? बसा. आधी पाणी घ्या."

पाणी झालं, चहा झाला, मग माझ्या गावाची, मुलीच्या नोकरीची आणि जावयाच्या शेतीची चौकशी झाली. होडीचा विषय निघाला तो अंधार पडायच्या बेतात. आमच्याकडे जुनी होडी विकणारा आधी तिचा इतिहास सांगतो: कोणत्या वर्षी किती सुरमई आली, कोणत्या वादळातून परत आली, तिच्या नावाने काय नवस आहे. बाबांनी पहिली गोष्ट केली ती होडीचा दोष दाखवायची. विजेरी घेतली, मला हात धरून बाभळीखाली नेलं आणि तळाला अंगठा लावला.

"हे बगा. इथं पत्रा पापुद्रा झालाय. आणि हे इथं, आणि हे. आधीच सांगायलो. मागून बोल नको."

मी विचारलं, असं सांगून भाव उतरणार नाही का? ते म्हणाले, "बैल घेताना दात बगतेतच की. तुमी बगणारच. मग म्याच दाखवलेला बरा."

सकाळी नीट तपासणी केली. लांबी बावीस फूट, मधली रुंदी साडेपाच. पोलादी पत्रा, आतून लोखंडी अँगलच्या बरगड्या, सांधे वेल्डिंगचे. बाहेरून डांबर. डांबरावर डांबर चढून तळाला हत्तीच्या कातड्यासारखा जाडपणा आलेला. मी पाच रुपयांचं नाणं घेऊन इंच-इंच ठोकत गेलो. चांगला पत्रा खणखणतो; गंजलेला भद्द आवाज देतो, ओल्या भिंतीसारखा. तीन पत्रे भद्द बोलले. तिन्ही तळाचे आणि तिन्ही ठिकाणी आतून फळीखाली गाळ साचत होता. खाऱ्या पाण्यात गंज बाहेरून येतो. इथे तो आतून, साचलेल्या गाळातून आला होता. हे मला नवं होतं.

मग बाबांनी त्यांची परीक्षा दाखवली. होडी चार दगडांवर सरळ ठेवली, तळाला बाहेरून चुलीतली राख फासली, आणि आत घागरीने पाणी ओतायला लागले. आम्ही दोघं खाली वाकून बसलो. आधी काही नाही. मग राखेवर एक ठिपका काळा पडला, टाचणीच्या डोक्याएवढा. थोड्या वेळाने दुसरा, वेल्डिंगच्या कडेला. पाच झाले. बाबांनी प्रत्येकाभोवती खडूने गोल काढला. माझे बाबा रात्री होडीच्या पोटात कंदील ठेवायचे आणि आम्हा पोरांना बाहेरून उजेडाची तिरीप शोधायला लावायचे. तिथे उजेड, इथे राख. पाचवा गोल काढून होईपर्यंत ही होडी घ्यायची हे माझं ठरलं होतं.

बाबांचे वडील पूर्णेवर नाव चालवायचे. धरणाच्या आधी, नदी होती तेव्हा. गावातली माणसं, गुरं, वऱ्हाडं या काठावरून त्या काठावर न्यायची आणि सुगीला प्रत्येक घरातून धान्य मिळायचं. नगद घेत नसत. पाणी अडलं तेव्हा बाबा पोरगे होते. उतार बुडाला, गाव उठून वर आलं, नावेचं काम संपलं. मग जलाशयात कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जाऊ लागलं, मच्छीमारांच्या संस्थेने ठेका घेतला आणि नावाडी मासेमार झाले. बाबांनी पाण्याच्या मधोमध हात केला: "आमचं घर तिथं. आता वीस हात पाणी असंल." त्यांच्या बोटाच्या रेषेत एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसला होता, बुडालेल्या कुठल्याशा झाडाच्या शेंड्यावर.

होडीत वल्हं मावशी मारतात. बाबा जाळं टाकतात. मला हे फार वेगळं वाटलं. आमच्याकडे बाई होडीत नसते. मासळी काठाला लागल्यावर लिलाव तिचा, विक्री तिची, हिशेब तिचा, पण पाण्यावर पुरुष. इथे नवरा-बायको दोघं मिळून पहाटे निघतात. मावशींच्या तळहातांवर वल्ह्याचे घट्टे होते, माझ्यापेक्षा जाड.

आणि राहायच्या होडीबद्दल खरा प्रश्न त्यांनीच विचारला. "चूल कुठं मांडणार?"

मी गॅसच्या शेगडीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "वारं कुण्या अंगाचं ते आधी बगा. होडी वाऱ्याला तोंड देऊन उभी राहती. मग चूल मागच्या टोकाला पाहिजे. पुढं मांडली तर धूर सगळा तुमच्या तोंडात, आणि विस्तू उडला तर अंथरुणावर." मग पाण्याचा माठ मधोमध, जड सामान खाली, ओलं जाळं आत घ्यायचं नाही, रात्री दोर एका खुंटीला बांधायचा नाही, दोन खुंट्या ठेवायच्या. बोलता बोलता त्यांनी सगळं घर मांडून दिलं. मी विचारलं, "मावशी, तुम्ही राहिलात होडीत?"

"आत नाही. हिच्याखाली." त्या बाभळीखालच्या होडीकडे बघत म्हणाल्या. "अवकाळी आला, पाल उडालं की हिला पालथी घालायची, दगड लावायचे, आन् लेकरं घेऊन आत शिरायचं. दोन लेकरं हिच्याखाली निजून मोठी झाली."

*

दुपारी मासोळीचं जेवण. इथे मासे म्हणत नाहीत, मासोळी म्हणतात, आणि तो शब्द मला फार आवडला. मावशींनी रोहूचे तुकडे हळद-मीठ लावून ठेवले. हळद घरच्याच शिवारातली, मूठभर. मग सुकं खोबरं आणि कांदा चुलीत भाजून पाट्यावर वाटला, वर येसर, तिखट, आणि लालभडक रस्सा. ज्वारीची भाकरी, कांदा फोडून. नारळाचं दूध नाही, कोकम नाही, तिरफळ नाही. पहिल्या घासाला माझी जीभ कोकमाचं आंबट शोधत राहिली. तिसऱ्या घासाला शोधायची थांबली. गोड्या पाण्यातल्या माशाला मातीचा हलका वास असतो, तो भाजलेल्या खोबऱ्याने झाकत नाही, पण त्याच्याशी जमवून घेतो. आमच्या ओल्या नारळाला ते जमलं नसतं. मी भाकरी चुरून रश्श्यात घातली तेव्हा बाबा म्हणाले, "आता आमचे झालाव."

संस्थेचे सचिव तिथेच आले. जलाशय जलसंपदा विभागाचा, मासेमारीचा हक्क ठेक्याने संस्थेचा. या दोघांच्या होकाराशिवाय होडीवर राहणं नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि मला ते पटलं. होडीची नोंद हवी. १९१७ चा जुना कायदा जाऊन अंतर्गत जलमार्गांवरच्या नौकांसाठी २०२१ मध्ये नवा कायदा आला, त्यात वल्ह्याच्या होड्यांचीही नोंद स्थानिक पातळीवर करायची सोय आहे. मी अर्ज लिहून दिला. इंजिन लावणार नाही, मासेमारी करणार नाही, सांडपाणी जलाशयात सोडणार नाही, कारण हे पाणी पुढे माणसांच्या पिण्यात जातं. होडी पालांजवळ बांधीन, पाल हलेल तशी होडी हलेल. ते शेवटचं वाक्य वाचून सचिवांनी बाबांकडे बघितलं. बाबांनी मान डोलावली.

भाव बाबांनी हातावर रुमाल टाकून केला, बैलबाजारातल्यासारखा. मला बोटांची भाषा येत नव्हती. जावईबापूंनी रुमालाखाली हात घातला, दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहिले, एकदा बाबांनी हात झटकला, एकदा जावईबापूंनी, आणि मग दोघं एकदम हसले. या पैशांत बाबा फायबरची होडी घेणार आहेत, हलकी, मावशींच्या खांद्याला सोपी. तळाचे तीन पत्रे हिंगोलीच्या वर्कशॉपमध्ये कापून बसवायचे, ते माझ्या खर्चाने. वर बांबूची कमान आणि ताडपत्री मावशी सांगतील तशी. इसार मी तिथेच दिला.

लिहायला कागद नव्हता. सचिवांनी खिशातून हळदीच्या विक्रीची जुनी पट्टी काढली आणि तिच्या पाठीवर लिहिलं. ती पट्टी आता माझ्या पाकिटात आहे, कडा पिवळ्या झालेल्या. वर लिहिलंय: पत्र्याची होडी एक, लांबी बावीस फूट, तळाचे पत्रे तीन बदलणे. इसार पाचशे एक मिळाले. ताबा पोळ्यानंतर, पाणी चढल्यावर.